विनामूल्य म्हणजे निर्मूल्य नव्हे

(संगणकावरील मराठी, स्वतंत्र प्रोग्रॅमर आणि त्यांच्या वाटपाच्या अटी या विषयावर वऱ्हाडातील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक मार्गावर टंकलेखनाच्या कोणत्याही दुकानात डोकावले, तर पीककर्जाचा अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामसभेचा ठराव, शाळेचे प्रगतिपुस्तक हे सारे संगणकावर मराठीत टंकित होताना दिसते. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की, संगणकाला मराठी कोणी शिकवली हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवत नाही. सरकारने शिकवली असेल, एखाद्या मोठ्या कंपनीने शिकवली असेल, असे गृहीत धरून माणसे पुढे जातात. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. या कामातील फार मोठा वाटा अशा माणसांचा आहे, ज्यांच्या पाठीशी ना शासन होते, ना भांडवल. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने आणि फावल्या वेळात आज्ञावल्या लिहिल्या आणि त्या जगाला विनामूल्य वाटल्या.

अशा प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर एक-दोन पानांचा मजकूर जोडलेला असतो. वाटप कोणी करावे, कसे करावे, काय करू नये, याच्या अटी त्यात असतात. संगणक तो मजकूर समोर ठेवतो, वापरणारा न वाचताच 'मान्य आहे' या बटणावर टिचकी मारतो आणि पान नाहीसे होते. आजच्या विवेचनाचा विषय ते न वाचलेले पान हा आहे.

मुरंब्यापासून 'परम'पर्यंत

प्रथम संस्थांनी केलेल्या कार्याचे ऋण मान्य केले पाहिजे. वऱ्हाडी माणसाला त्याचा अभिमान वाटावा असे एक विशेष कारण आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या खेड्यात झाला. नागपूर, बडोदा आणि दिल्लीचे तंत्रज्ञान संस्थान असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली, तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९९१ साली 'परम' उभा राहिला, ही कथा सर्वपरिचित आहे.

त्याच संस्थेच्या दुसऱ्या दालनात चाललेले काम मात्र तितकेसे परिचित नाही. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थानात सुरू झालेले 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान 'सी-डॅक'ने पुढे नेले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था मुळात एकच आहे, तेव्हा त्यांची संगणकीय सांकेतिक मांडणीही एकच असावी, हे या कामाचे सूत्र होते. त्यातून १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. पुढे 'युनिकोड' या जागतिक व्यवस्थेत देवनागरीला १२८ स्थानांचा जो कोष्टक-खंड मिळाला, त्याची रचना 'इस्की'च्या आधीच्या मसुद्यावरच बेतलेली आहे. आज भ्रमणध्वनीवर मराठी निरोप पाठवणारा प्रत्येक जण नकळत या भारतीय विचाराचा लाभ घेत असतो.

परंतु मानक सिद्ध होणे आणि ते सामान्य माणसाच्या हाती पोहोचणे, यांत मोठे अंतर असते. त्या काळी मराठीत लिहिण्यासाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे किंवा विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे लागे. अनेक सॉफ्टवेअरांबरोबर संगणकाच्या पाठीमागे खोचण्याचे एक इलेक्ट्रॉनिक कुलूप येई. मुद्रणालयांना हा खर्च परवडे. खेड्यातील शिक्षकाला, कीर्तनकाराला, परदेशात एकटे राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो परवडत नसे. ही पोकळी एकेकट्या प्रोग्रॅमरांनी भरून काढली.

एकट्याची वाट

ज्या १९९१ साली पुण्यात 'परम' साकारला, त्याच सुमारास दोन व्यक्ती दोन खंडांत देवनागरीसाठी झटत होत्या. हॉलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांनी डोनाल्ड क्नुथ यांच्या 'टेक' या मुद्रणप्रणालीसाठी देवनागरी अक्षरे घडवली. अमेरिकेत राहणाऱ्या अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' नावाची आज्ञावली लिहिली.

'आयट्रान्स'ची कल्पना साधी होती. संगणकाचा कळफलक रोमन, ई-मेलमधून जाणारी अक्षरेही रोमन. मग देवनागरीतला प्रत्येक वर्ण रोमन अक्षरांच्या ठरावीक जोडीने लिहावा आणि आज्ञावलीने त्याची देवनागरी करून द्यावी. दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहावे किंवा मोठ्या लिपीत लिहावे, मूर्धन्य वर्णांसाठी मोठी लिपी वापरावी, असे तिचे नियम होते. या तक्त्यात 'ज्ञ' लिहिण्याचे एकाहून अधिक पर्याय दिलेले आहेत. त्यांतला एक पर्याय 'डी-एन-वाय' असा आहे. हिंदी भाषक 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' करतो आणि मराठी माणूस 'द्न्य' करतो, याची जाण ठेवून केलेली ही सोय आहे. एवढ्याशा गोष्टीतून मराठी माणसाच्या कानाला तक्त्यात जागा मिळाली.

'आयट्रान्स'ची ५.३ ही आवृत्ती जुलै २००१ मध्ये आली. दरम्यानच्या दहा वर्षांत जगभरच्या स्वयंसेवकांनी संस्कृत स्तोत्रे, उपनिषदे, चित्रपटगीते या पद्धतीने टंकित करून परस्परांना दिली. इंटरनेटवर आज आढळणाऱ्या संस्कृत साहित्याचा मोठा भाग प्रथम याच पद्धतीने संगणकात गेला.

१९९८ साली शेषाद्रिवासू चंद्रशेखरन या कन्नड तरुणाने 'बरहा' हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध केले. ते मुख्यतः कन्नडसाठी असले, तरी त्यात देवनागरीची सोय होती. त्यामुळे असंख्य मराठी माणसांनी आपली पहिली मराठी ई-मेल 'बरहा'मधून लिहिली. पुढच्या दशकात ओंकार जोशी यांचे 'गमभन' आले आणि मराठी संकेतस्थळांवर थेट देवनागरीत लिहिणे सुलभ झाले. मुलाला अक्षरओळख करून देताना जी चार अक्षरे प्रथम गिरवायला देतात, त्यांचेच नाव त्या साधनाला द्यावे, यात एक मराठी जिव्हाळा आहे.

'फ्री' या शब्दाचा घोळ

या साऱ्यांना ढोबळमानाने 'फ्रीवेअर' म्हटले जाते. या शब्दाचाही एक इतिहास आहे. १९८२ साली अँड्र्यू फ्लुगेलमन या अमेरिकन संपादकाने 'पीसी-टॉक' नावाचे सॉफ्टवेअर वाटले. घ्या, वापरा, मित्रांना द्या, उपयोगी वाटले तर स्वेच्छेने काही रक्कम पाठवा, अशी त्याची रीत होती. त्याने तिला 'फ्रीवेअर' म्हटले. त्याच सुमारास जिम नॉफ याने 'पीसी-फाइल' याच रीतीने वाटले. पुढे ऐच्छिक देणगी मागणाऱ्या पद्धतीला 'शेअरवेअर' हे नाव रूढ झाले आणि 'फ्रीवेअर'चा अर्थ 'पूर्णतः विनामूल्य' असा स्थिरावला.

दुसरीकडे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. त्यांचा आग्रह किमतीचा नव्हता, स्वातंत्र्याचा होता. आज्ञावली वापरण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारित आवृत्ती प्रसृत करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, असे त्यांनी मांडले. १९८९ साली त्यांनी 'जीपीएल' हा परवाना सिद्ध केला.

इंग्रजीत या दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द असल्याने तिथे फार मोठा गोंधळ झाला. मराठीत तो होण्याचे कारण नाही. 'विनामूल्य' आणि 'मुक्त' हे दोन स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहेत. फ्रीवेअर विनामूल्य असते, पण ते मुक्त असेलच असे नाही. त्याची मूळ संहिता बहुधा कर्त्याजवळच राहते.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. कपाशीचे संकरित बियाणे एखाद्याने फुकट दिले, तरी पहिल्या वर्षाच्या सरकीतून दुसऱ्या वर्षी तसेच पीक येत नाही. पुन्हा बियाणे देणाऱ्याच्या दारी जावे लागते. सरळ वाणाचे तसे नसते. त्याचे बी राखून ठेवता येते, पुन्हा पेरता येते, शेजाऱ्याला देता येते, निवडीने सुधारता येते. शेतकऱ्याचा हा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने मान्य केला आहे. तिथेही एक अट आहे. संरक्षित वाणाचे बी शेतकऱ्याला नाममुद्रा लावून विकता येत नाही. फ्रीवेअर हे फुकट मिळालेले संकरित बियाणे आहे आणि मुक्त सॉफ्टवेअर हे सरळ वाण आहे. दोन्हींची उपयुक्तता आपापल्या जागी आहे, पण दोन्ही एकच समजणे घातक आहे.

पानावर काय लिहिलेले असते

आता त्या न वाचलेल्या पानाकडे वळू. विनामूल्य सॉफ्टवेअरच्या अटी बहुधा पाच-सहा प्रकारच्या असतात आणि प्रत्येक अटीमागे अनुभवाने आलेले शहाणपण असते.

पहिली अट स्वामित्वाची. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, परंतु त्याचे हक्क कर्त्याकडे राखीव आहेत, असे तीत म्हटलेले असते. हे अनेकांना विचित्र वाटते. फुकट द्यायचे आणि हक्कही सोडायचा नाही, हे कसे? पण हक्कच सोडला, तर उरलेल्या अटी पाळायला लावण्याचा अधिकार कर्त्याला राहत नाही. उद्या कोणीही त्यावर आपले नाव घालून ते विकू शकेल.

दुसरी अट अखंड वाटपाची. सर्व फाइली, माहितीपत्रक आणि हे अटींचे पान यांसह, काहीही न बदलता प्रत द्यावी. पेनड्राइव्हवरून आणि सायबर कॅफेतून सॉफ्टवेअर हातोहात जात असताना मधल्या एखाद्याने त्यात विषाणू मिसळला, तर दोष मूळ कर्त्याच्या माथी येतो. ही अट त्याच्या नावाचे आणि वापरणाऱ्याच्या संगणकाचे रक्षण करते.

तिसरी अट विक्रीबंदीची. प्रतीसाठी मूल्य घेऊ नये, किंवा घेतल्यास केवळ सीडीचा खर्च घ्यावा. चौथी अट वापराची. वैयक्तिक आणि शैक्षणिक उपयोगास मुभा, व्यापारी उपयोगास पूर्वपरवानगी. पाचवी अट संहितेची. आज्ञावली उलगडून आतली रचना काढू नये. आणि शेवटची अट उत्तरदायित्वाची. सॉफ्टवेअर 'आहे त्या स्थितीत' दिले आहे, त्यामुळे झालेल्या हानीस कर्ता जबाबदार नाही. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध संगणकातून नाहीसा झाला, तर त्याचे दुःख खरे आहे. पण ज्याने एक पैसाही घेतला नाही, त्याला त्यासाठी न्यायालयात खेचता आले, तर उद्या कोणीही काही वाटणार नाही.

भारतीय कायद्याचा या अटींना भक्कम आधार आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती' म्हणून गणली जाऊ लागली. कादंबरीला जे संरक्षण, तेच आज्ञावलीला. ते कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकते. कर्त्याला हक्क सोडायचाच असेल, तर २१ व्या कलमानुसार तशी रीतसर सूचना द्यावी लागते. नुसते फुकट वाटल्याने हक्क सुटत नाही. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी जादा प्रत करून ठेवण्याची मुभा ५२ व्या कलमात आहे. मात्र चोरीची आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास ६३-ब कलमाखाली ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अट बदलते तेव्हा

अटींचा मजकूर हा केवळ वकिली सोपस्कार आहे, असा कोणाचा समज असेल, तर लायनस टॉर्व्हाल्ड्स यांचे उदाहरण पाहावे. १९९१ साली फिनलंडमधील या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' प्रसिद्ध केले. मूळ संहिता नेहमी सोबत द्यावी आणि वाटपासाठी एक पैसाही घेऊ नये, अशी त्याची पहिली अट होती. हेतू निर्मळ होता. पण फ्लॉपीवर प्रती करून वाटणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्चसुद्धा घेता येईना. १९९२ साली त्याने 'जीपीएल' स्वीकारला. आता पैसे घेण्यास मोकळीक होती, मात्र मूळ संहिता देणे आणि पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य देणे बंधनकारक होते. या एका बदलाने व्यापारी कंपन्या त्या कामात उतरल्या. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड भ्रमणध्वनी लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

डोनाल्ड क्नुथ यांची अट वेगळ्या प्रकारची आहे. 'टेक' कोणीही वापरावे, त्यावरून नवे काही करावे, पण बदललेल्या वस्तूला 'टेक' हे नाव देऊ नये. दहा वर्षांपूर्वी टंकित केलेला ग्रंथ आजही अक्षरशः तसाच छापला जावा, ही त्यामागची दृष्टी. ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ मध्ये 'विम' हा मजकूर-संपादक विनामूल्य दिला आणि वापरणाऱ्यांना आवाहन केले की, द्यायचेच असेल तर युगांडातील किबाले येथील अनाथ मुलांसाठी द्या. २०२३ साली ते निवर्तले, पण ते सॉफ्टवेअर उघडताना त्या मुलांचा उल्लेख अजूनही पडद्यावर येतो. दानाची दिशा दात्याने ठरवावी आणि श्रेय दुसऱ्याच्या पदरी घालावे, ही वृत्ती वऱ्हाडला अनोळखी नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांत स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी हक्काची एक खोलीही राखली नाही आणि व्यवस्था विश्वस्तांच्या हाती सोपवली. देणे निरपेक्ष होते, तरी ते नीट टिकावे म्हणून त्याला लेखी व्यवस्था होती. निरपेक्षता आणि नियम यांत विरोध नाही, हे त्या फाटक्या वस्त्रातल्या संताने अगोदरच दाखवून दिले होते.

दात्याचा थकवा

फ्रीवेअरची एक दुर्बलताही सांगितली पाहिजे. ते एका माणसाच्या इच्छेवर आणि आयुष्यावर उभे असते. 'बरहा' अनेक वर्षे विनामूल्य होते, पुढील आवृत्त्यांना मूल्य आले. यात गैर काही नाही. वर्षानुवर्षे एकट्याने सेवा देणाऱ्याने मोबदला मागितला, तर तो त्याचा अधिकार आहे. तक्रार करण्याचा हक्क फुकट वापरणाऱ्यांकडे राहत नाही. पण जी वस्तू एका व्यक्तीच्या हाती आहे, ती उद्या तशीच मिळेल ही खात्री नसते, एवढा बोध घेतला पाहिजे.

मुक्त सॉफ्टवेअरही या धोक्यापासून सर्वस्वी सुटलेले नाही. 'एक्सझेड' नावाचे फाइली आकुंचित करणारे एक छोटे साधन जगभरच्या लिनक्स संगणकांत असते. अनेक वर्षे एकच स्वयंसेवक ते सांभाळत होता. तो थकलेला पाहून मदतीच्या मिषाने कोणी टोपणनावाचा इसम शिरला, दोन वर्षांहून अधिक काळ त्याने विश्वास संपादन केला आणि अखेर त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याला संगणकात शिरताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला आणि त्याने चिकाटीने शोध घेतला, म्हणून मोठा अनर्थ टळला. संहिता खुली होती म्हणूनच हे उघडकीस आले. परंतु तो स्वयंसेवक एकटा पडला होता, ही त्याचे काम वापरणाऱ्या साऱ्या जगाची चूक होती.

'आयट्रान्स'च्या भाग्याची कथा उलट आहे. त्याचा विकास पुढे मंदावला. पण त्याचा वर्णतक्ता सर्वांसमोर असल्याने इतरांनी तो उचलला. लिनक्सवर मराठी कळफलक निवडताना 'आयट्रान्स' हा पर्याय आजही दिसतो. मूळ आज्ञावली मागे पडली, तिची पद्धत जगली.

नवी सकळ लिपी

या विषयात वऱ्हाडचे खरोखर काय पणाला लागले आहे, हे समजण्यासाठी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरची आठवण काढावी लागते. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'लीळाचरित्रा'ची ती भूमी. महानुभावांनी आपले ग्रंथ 'सकळ लिपी'सारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण किल्ली पंथापुरतीच असल्याने शतकानुशतके उर्वरित महाराष्ट्राला ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या परिश्रमांनी ते भांडार सर्वांसाठी उघडले.

आज प्रत्येक मुद्रणालयात, प्रत्येक संस्थेच्या कपाटात एक नवी सकळ लिपी साचलेली आहे. १९९० नंतरची दीड-दोन दशके मराठीचे टंकन ज्या फॉन्टांत झाले, त्या प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका फॉन्टात 'क' असलेले स्थान दुसऱ्यात उकाराचे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे उमटतात. गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे इतिहास, स्थानिक कवींचे संग्रह, शाळांची वार्षिके या फाइलींत अडकून आहेत. महानुभावांनी किल्ली हेतुपूर्वक आपल्याजवळ ठेवली होती. इथे किल्ली कोणाजवळ आहे, हेही अनेकांना ठाऊक नाही. मूळ सॉफ्टवेअर बंद पडले, कुलूप हरवले, संगणक भंगारात गेला की तो मजकूर संपला.

यावर उपाय आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून ठेवणे. त्यासाठीची परिवर्तकेही बहुधा स्वतंत्र प्रोग्रॅमरांनीच विनामूल्य दिलेली आहेत. छपाईसाठी आता उत्तम मुक्त अक्षरसंच मिळतात. प्रा. र. कृ. जोशी यांचा 'रघु' अक्षरसंच मुक्त परवान्याखाली आला, मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' हा अक्षरसंच 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली आहे. या परवान्यानुसार तो विनामूल्य वापरता येतो, पुस्तकात छापता येतो, बदलता येतो. नुसता अक्षरसंच सुटा विकता मात्र येत नाही, आणि बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

आपल्या घरचे काम

मग करायचे काय? मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. चार कामे पुरेशी आहेत.

पहिले, चोरीच्या प्रतींपासून आपले घर आणि आपली संस्था मुक्त करणे. दुकानातून वही न विचारता उचलून आणणारा मुलगा आपण घरात खपवून घेणार नाही. तोच मुलगा हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून आणतो, तेव्हा त्याच्या हुशारीचे कौतुक होते. ही विसंगती संस्काराची आहे, तंत्रज्ञानाची नाही. आणि आता तर ती अगतिकताही उरलेली नाही. 'लिब्रेऑफिस' मराठीसह विनामूल्य आणि मुक्त आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली यशस्वीपणे रुजवल्या. केंद्र शासनानेही २०१५ साली मुक्त स्रोताला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. स्वदेशीचा विचार करतानाही केवळ कंपनी कुठली हे पाहून भागत नाही. ज्या वस्तूची संहिता आपल्या हाती आहे आणि जी आपण दुरुस्त करू शकतो, ती खऱ्या अर्थाने आपली होते.

दुसरे, अटींचे ते पान वाचणे. संस्थेच्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे, ते कोणत्या अटीवर मिळाले आहे, याची एक साधी नोंदवही ठेवावी. 'वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य' असलेले सॉफ्टवेअर पतसंस्थेच्या कार्यालयात चालवणे, हा अटींचा भंग आहे.

तिसरे काम तरुणांचे. १९६४ पासून अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अकोल्यात, बडनेऱ्यात, शेगावात अशीच महाविद्यालये उभी आहेत. तिथला एखादा विद्यार्थी शब्दकोश, पंचांग, पिकांच्या हिशेबाचे साधन विनामूल्य देऊ इच्छित असेल, तर त्याने अटी स्वतःच्या मनाने रचू नयेत. 'केवळ शैक्षणिक उपयोगासाठी' असे लिहिले, तर शिकवणी वर्ग शैक्षणिक की व्यापारी? 'अव्यापारी उपयोगासाठी' लिहिले, तर जाहिराती घेणारे साप्ताहिक कशात बसते? अशा संदिग्धतेमुळे प्रामाणिक माणूस वापरायला कचरतो आणि अप्रामाणिक माणूस बेधडक वापरतो. जीपीएल, ओपन फॉन्ट लायसन्स यांसारखे पारखून घेतलेले परवाने सिद्ध आहेत. त्यांतला एक निवडावा, नाव, वर्ष आणि आवृत्ती स्पष्ट लिहावी, मूळ संहिता जपावी आणि सर्व अटींचा आशय सोप्या मराठीत सोबत द्यावा. आपण नसलो तरी काम चालावे, यासाठी एक-दोन सहकारी तयार करावेत.

चौथे काम सर्वांचे आहे आणि ते सर्वांत सोपे आहे. विनामूल्य वस्तूचा वापर करणाऱ्याने कर्त्याला काहीतरी परत करावे. पैसेच दिले पाहिजेत असे नाही. आढळलेली चूक नीट लिहून कळवावी, माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर करून द्यावे, शब्दसूचीत वऱ्हाडी शब्दांची भर घालावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षाकाठी एक छोटी रक्कम पाठवावी. दाता थकला की दान आटते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा घोषित झाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. या दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण अभिजात भाषेचे भांडार जर उद्याच्या पिढीला उघडताच येणार नसेल, तर त्या दर्जाला काय अर्थ राहणार? जिल्ह्याजिल्ह्यातील ग्रंथालये, शाळा, मंडळे यांनी आपापल्या जुन्या फाइली या वर्षात युनिकोडमध्ये आणण्याचा संकल्प करावा. एका सुटीत दोन विद्यार्थी आणि एक जाणकार मुद्रितशोधक मिळून एका संस्थेचे हे काम पार पाडू शकतात. आणि ते पूर्ण झाल्यावर, ज्या परिवर्तकाच्या साहाय्याने ते झाले, त्याच्या कर्त्याला आभाराचे दोन शब्द मराठीत लिहून पाठवावेत. त्याच्या अटींच्या पानावर ही अपेक्षा बहुधा लिहिलेली नसते, परंतु ती पूर्ण करण्यास कोणाचीच मनाई नाही.